जाऊबाईंच्या हॉलचा रंग

लग्न होऊन मी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये आले तेव्हा ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. माझं माहेर बदलापूरच्या पुढं, बारवीच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी. भाताची खाचरं आणि मातीच्या भिंती. सासरचं घर म्हणजे ब्लॉकमधल्या दोन खोल्या. पुढच्या खोलीला 'हॉल' म्हणायचं, हे मला पहिल्याच दिवशी कळलं, कारण मी तिला 'पडवी' म्हटलं आणि थोरल्या जाऊबाई खुदकन हसल्या.

तो हॉल त्यांचा होता. गुलाबी ऑइल पेंट, त्यावर रबरी रोलरनं उमटवलेली सोनेरी फुलं. भिंतीत काचेचं शोकेस, त्यात कधीही न वापरलेल्या कपबश्या आणि प्लास्टिकची द्राक्षं. समोर मखमली गालिचा टांगलेला, त्यावर तळ्याचं पाणी पिणारी हरणं. खरं सांगते, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी भारावून गेले. अशी खोली मी फक्त फोटोग्राफरच्या दुकानात बघितली होती. जाऊबाई स्वतःही त्या खोलीला शोभतील अशाच होत्या. गोऱ्यापान, घारे डोळे. आपल्या गोरेपणाचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवत नसत. मी सावळी. सावळी म्हणजे लग्नाच्या पत्रिकेबरोबर सांगतात तशी सावळी नाही, चांगली काळी.

आम्हा नवराबायकोचं बिऱ्हाड आतल्या खोलीत. ओटा तिथंच, मोरी तिथंच, आणि ओट्यासमोरच्या भिंतीखाली आमचं अंथरूण. ती भिंत नुसती चुन्याची, पांढरी, कोरी.

सातव्या महिन्यात ओटी भरायला आई आली. येताना फडक्यात गेरू बांधून आणला होता आणि तांदळाचं पीठ. आमच्या घरी दर दिवाळीला भिंत सारवून झाली की आई मोर काढायची. बोटानं आणि काडीला कापूस गुंडाळून. कुठं शिकली नव्हती. तिच्या मोराची मान जरा वाकडी असायची, मागं वळून कुणाला तरी बघतोय अशी. नातवंडासाठी इथंही एक मोर काढावा असं तिच्या मनात होतं. पण दुसऱ्याचं घर, म्हणून तिनं आधी विचारलं.

"ताई, या भिंतीवर एक मोर काढला तर चालेल ना?"

"काढा की," जाऊबाई म्हणाल्या. "तुमच्या लेकीचीच खोली आहे."

आई दोन दिवस काढत होती. भिंतभर मोर झाला. पिसाऱ्यातला एकेक डोळा तिनं पिठाच्या ठिपक्यांनी भरला. मी ओट्याशी भाकऱ्या थापता थापता बघत होते. गेरू चुन्यावर असा काही बसला होता की बोट फिरवलं तरी निघत नव्हता. आई म्हणाली, "बघ, पक्की भिंत असली की बरं. गावाकडं दर वर्षाला माझा मोर मीच पुसते."

बाळंतपणाला मी माहेरी गेले. मुलगी झाली. तिला तीन महिन्यांची घेऊन परत आले, आतल्या खोलीत पाऊल टाकलं आणि मोर नव्हता. खालपासून वरपर्यंत हिरवा ऑइल पेंट. दारांना मारून उरलेला डबा असावा, कारण दारंही त्याच हिरव्या रंगाची झाली होती.

"ओल आली होती भिंतीला," जाऊबाई मागून म्हणाल्या. "मारून टाकला."

"ताई, तुम्ही आईला हो म्हणाला होतात."

"अगं, तेव्हा काय नाही म्हणायचं? म्हातारं माणूस."

समोरच्या ब्लॉकमधली सिंधी शेजारीण बाळाला बघायला आली होती, दारातच उभी होती. तिच्याकडं बघून जाऊबाई हसल्या आणि म्हणाल्या, "गाँव के लोग हैं ना. भिंतीवर चिखल फासायचा आणि त्याला मोर म्हणायचं." मग माझ्याकडं वळून, अगदी लाडानं सांगावं तशा म्हणाल्या, "रंगातलं तू नको सांगूस गं. आधी आपल्या तोंडाचा रंग बघावा माणसानं, मग भिंतीचा."

शेजारीण हसली नाही. तिनं बाळाच्या हातात काहीतरी दिलं आणि गेली. मी पोरीला खाली ठेवलं आणि तिची दुपटी घडी करत बसले. नवरा कामावरून आल्यावर त्याला सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे. घर त्यांचं आहे. आपलं झालं की काढ तुला हवं ते." तो वाईट माणूस नव्हता. पण त्या दिवशी माझ्या बाजूनं एक शब्द तरी त्यानं मोठ्यानं बोलायला हवा होता, असं मला आजही वाटतं.

वर्षभरानं आम्ही अंबरनाथला भाड्याच्या खोलीत गेलो. त्याची कंपनी तिथून जवळ. आणि पोरगी तीन वर्षांची असताना आई गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. बाराव्याच्या आदल्या दिवशी मी घरभर तिच्या हातचं एखादं चित्र शोधत होते. एकही नव्हतं. शेवटचा मोरही भावजयीनं सुतक फिटल्यावर भिंत सारवली तेव्हा गेला होता, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. आमच्याकडं असंच असतं. पुसणं आईलाही नवं नव्हतं. पण आपलं चित्र आपण पुसणं वेगळं. तिचा एकच मोर पक्क्या भिंतीवर होता, आणि तो कॅम्प चारमध्ये दाराच्या रंगाखाली पडला होता.

त्या दिवशी मी ठरवलं. काय करायचं ते नव्हतं ठरवलं. करायचं, एवढंच ठरवलं.

कसं करायचं ते मला कॅम्प पाचमधल्या एका साडीच्या दुकानात मिळालं. शाळेत असताना चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा मी दिल्या होत्या, हात बरा होता. तेव्हा साड्यांवर फॅब्रिक पेंटिंगची लाट होती. मी काठांवर वेली आणि फुलं काढून द्यायचे. दुकान एक सिंधी बाई चालवायची. साठीची, पांढरा सलवार-कमीज, आवाज असा की रस्त्यावरची गिऱ्हाइकं आत यावीत. मला ती 'बेटी' म्हणायची आणि कामात एक रेघ इकडची तिकडं चालवून घ्यायची नाही.

एकदा तिच्या भाच्यानं दुकान नवं केलं. आरसे, नवे ट्यूबलाइट, आणि सगळ्या भिंतींना पिस्ता रंग. दिसायला इतकं थंडगार, सुंदर. आणि तिथून गिऱ्हाईक तुटायला लागलं. बायका यायच्या, दहा साड्या अंगावर लावून बघायच्या, आरशासमोर उभ्या राहायच्या, आणि "पसंत नाही" म्हणून जायच्या. महिनाभर बाईला कळेना. मग एके दिवशी ती स्वतःच आरशासमोर उभी राहिली, आणि बाहेर येऊन भाच्याला सिंधीत काय काय बोलली ते मला समजलं नाही. मग मला हात धरून आत घेऊन गेली.

"बेटी, मेरा मुँह देख. कैसा लगता है?"

"बीमार जैसा," मी म्हणाले. खरंच तशी दिसत होती. डोळ्यांखाली हिरवट, गालांवर पिवळट.

"देख, औरत आईने में साडी नहीं देखती. अपना मुँह देखती है. दीवार का रंग मुँह पर पडता है. मुँह खराब दिखा, तो साडी वापस."

आठवड्यात तिनं भिंती बदलल्या. पांढऱ्यात चिमूटभर गुलाबी आणि त्याहून थोडा पिवळा, आणि आरशाच्या दोन्ही बाजूंना साधे बल्ब. पुन्हा विक्री सुरू. मी तो पिस्ता रंग मात्र लक्षात ठेवला. सावळ्या माणसाला तो जरा कमी बाधतो, गोऱ्याला पार खातो, हेही मी तिथंच बघून ठेवलं.

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही बदलापूरला, शिरगावात, स्वतःचा फ्लॅट घेतला. तेव्हा तिथं निम्म्या बिल्डिंगी आणि निम्मी शेतं. माझ्या भिंती मी स्वतः केल्या. वर साईचा रंग, खाली कंबरेपर्यंत गेरूसारखा तांबडा. कॅम्पातून आणलेल्या कटपीसचे पडदे, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही पण सगळ्यांत एक तांबडा धागा. आईच्या मोराची मान चार वेळा काढली आणि चारही वेळा पुसली. जमली नाही. शेवटी तिथं एक जुनं सूप टांगलं.

पण घर बघायला बायका यायला लागल्या. मग आपल्या घरी न्यायला लागल्या. "जरा येऊन रंग सांगा ना." माझ्या पर्समध्ये शेड कार्ड असायचं. मी कुणाच्या घरी गेले की आधी घर बघायचे नाही, घरातल्या बाईचं तोंड बघायचे. मग सांगायचे. लोक म्हणायचे हिच्या हाताला गुण आहे. गुण त्या सिंधी बाईचा होता.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकदा जाऊबाई आल्या. येणं-जाणं होतंच, तुटलं नव्हतं. हॉलमध्ये माझ्या आरशासमोर थांबल्या, मान इकडून तिकडं वळवून बघितली. "तुझ्या घरात मी कशी उजळ दिसते गं," म्हणाल्या. वाण घेऊन निघताना दारात थांबल्या. "ऐक ना. येत्या दिवाळीनंतर आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. घरीच कार्यक्रम करतोय, व्हिडिओ शूटिंग आहे. हॉल नवा करायचाय. तूच रंग सांग. सगळे तुझं नाव घेतात."

दहा वर्षं झाली होती. मला वाटलं होतं त्यांना निदान तो दिवस आठवत असेल, बोलताना जरा अडखळतील. नाही. त्यांना काहीच आठवत नव्हतं. ते बघितलं आणि माझं उरलंसुरलं मन निबर झालं.

"मी सगळं करून देते, ताई," मी म्हणाले. "तुम्ही फक्त बसा."

त्यांचा हॉल माझ्यासाठीच बांधल्यासारखा होता. खिडकीसमोर आता शेजाऱ्यांची वाढवलेली भिंत आली होती, दिवसाही ट्यूब लावावी लागायची. मी दोन ट्यूब जास्त सांगितल्या. "व्हिडिओला उजेड लागतो," म्हटलं. पिस्ता रंग कार्डावर दाखवला तेव्हा जाऊबाई हरखल्या. "किती सोबर! सध्या हाच चालतो ना?"

"हाच चालतो."

रंगाऱ्याला मी समोर बसून रंग मिळवायला लावला. पांढऱ्यात हिरवा, मग पिवळा, मग अजून पिवळा, आणि काळ्याचा एक थेंब. मी माझा हात बादलीवर धरला, वर ट्यूब चालू होती. माझ्या काळ्या हातावरही शेवाळ धरल्यासारखं दिसलं. बस, म्हटलं.

रंगारी जुना माणूस होता. तो म्हणाला, "मॅडम, सिलिंग को तो सफेद मारते हैं."

"नहीं. छत को भी यही."

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि शिडी उचलली.

हॉल रिकामा होता तेव्हा अप्रतिम दिसत होता, हे कबूल करते. मोठा वाटत होता, थंड वाटत होता. जाऊबाईंनी मला मिठी मारली. हरणांचा गालिचा त्यांनी स्वतःहून काढला. मग कार्यक्रमाच्या दिवशी त्या लाल शालू नेसून त्या भिंतीसमोर बसल्या आणि मी समोरच्या खुर्चीवरून बघत राहिले. पहिली पाहुणीण आली, ओटी भरली आणि म्हणाली, "दमलीस का गं? चेहरा उतरलाय." दुसरी म्हणाली, "बरं नाही का?" जेवणं होईपर्यंत सात-आठ जणींनी विचारलं होतं. मी मोजत नव्हते, पण प्रत्येक वेळी पोटात गार वाटत होतं. मठ्ठा प्यायल्यासारखं.

अल्बम आला. सगळ्या फोटोंत नवराबायको दोघंही नुकतीच दवाखान्यातून सुटून आल्यासारखी. जाऊबाईंनी फोटोग्राफरला शिव्या दिल्या. पण फोटोग्राफर गेला आणि आरसा राहिला. आरसा हॉलमध्येच होता, जाऊबाईही दिवसभर तिथंच असायच्या, आणि येणारा प्रत्येक जण तेच विचारायचा.

त्यांनी मनात घेतलं की आपल्याला कावीळ झालीय. रक्त तपासलं, काही नाही. डॉक्टर म्हणाले, डोळे पांढरे स्वच्छ आहेत. दुसरा डॉक्टर केला. वांगणीकडचा कुणी झाडपाल्याचं औषध देणारा केला. हळद बंद, तेल बंद, तूप बंद. बिनफोडणीचं वरण आणि उकडलेले बटाटे. चांगलंचुंगलं खाणारी बाई, सहा महिने तसं जेवली. मी समाचाराला जायचे. एकदा उसाचा रस घेऊन गेले, काविळीला चांगला असतो म्हणून. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तूच एक आहेस गं." मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं. त्यांच्या मागच्या दारातून आतली खोली दिसत होती आणि त्या खोलीची भिंत अजून हिरवीच होती.

जे वाटलं ते दुसऱ्याच माणसाबद्दल. एका रविवारी मोठे भाऊजी, माझे थोरले दीर, एकटेच शिरगावला आले. भला माणूस. माझी मुलगी झाली तेव्हा पेढे घेऊन माहेरापर्यंत येणारे तेवढे एकच. चहाचा कप हातात धरून बसले, प्यायले नाहीत.

"तिला काहीतरी मोठं आहे," म्हणाले. "डॉक्टरांना सापडत नाही. मला ती सांगत नाही, पण तिनं दागिने पोरीच्या नावानं वेगळे काढून ठेवलेत. मला दिसतं ना, रोज बघतो मी. रंग कसा झालाय तिचा..." पन्नाशीचा माणूस, मनगटानं डोळे पुसायला लागला.

जिभेच्या टोकावर होतं. भाऊजी, रंग बदला, बाकी काही नाही. चार शब्दांचं काम. मी म्हणाले, "होतील बऱ्या. चहा निवतोय." ते गेल्यावर मी तो थंड चहा मोरीत ओतला आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभी राहिले. जाऊबाईंशी मी जे केलं त्याचा मला पश्चात्ताप नाही. त्या रविवारचा आहे.

शोध लावला जाऊबाईंच्या लेकीनं, माझ्या पुतणीनं. तेव्हा ती कॉलेजात होती, शास्त्र शाखेला. तिच्या लक्षात आलं की आई हॉलमध्ये पिवळी दिसते आणि स्वयंपाकघरात तितकी नाही. मग तिला दिसलं की आपणही तशाच दिसतो. तिनं हॉलमधला आरसा खिळ्यावरून काढला, आईला हाताला धरून जिन्यात नेलं, बाहेरच्या उजेडात, आणि आरसा तिच्यासमोर धरला. मागून मला तिनंच हे सांगितलं. म्हणाली, "काकी, आई पायरीवर बसली आणि आधी हसायलाच लागली. मग म्हणाली, कुणी सांगितला होता हा रंग?"

चौथ्या दिवशी जाऊबाई माझ्या दारात. एकट्या. चप्पल काढून आत आल्या, आरशासमोर उभ्या राहिल्या, स्वतःकडं बघितलं. गाल भरलेले नव्हते, पण गोरे होते. मग खुर्चीत बसल्या.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मुद्दाम केलंस?"

"मुद्दाम केलं."

वाटलं होतं ओरडतील. त्या नुसत्या माझ्याकडं बघत होत्या, हिशेब जुळत नसल्यासारख्या. "मी काय केलं होतं तुझं?"

मी सांगितलं. मोर सांगितला, दाराचा रंग सांगितला, शेजारणीसमोर बोललेलं वाक्य शब्दाला शब्द सांगितलं. आई गेली तेव्हा तिच्या हातचं काहीच उरलं नव्हतं हेही सांगितलं. त्या ऐकत होत्या. मोर त्यांना हळूहळू आठवला. वाक्य आठवलंच नाही.

"एवढ्यासाठी?" त्या म्हणाल्या. "मी मरणार म्हणून बसले होते गं. तोंडावर बोलायचं होतंस."

"तोंडावर तुम्ही बोललात, ताई. मला बोलायला जागा कुठं ठेवली होतीत?"

त्या उठल्या. पाणीही घेतलं नाही. जाताना माझ्या तांबड्या भिंतीवर एकदा तळहात ठेवला, थापटल्यासारखा, आणि गेल्या. त्याचा अर्थ मला लागला नाही. माफी नव्हती ती. मीही मागितली नाही.

हॉल त्यांनी पांढरा करून घेतला, दुसऱ्या माणसाकडून. नातेवाइकांत कुणाला काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय, की आपण भिंतीला घाबरून सहा महिने बिनफोडणीचं खाल्लं? मोठ्या भाऊजींना मात्र कळलं असावं. ते माझ्याशी नंतरही नीट वागले, पण पुन्हा कधी एकटे आले नाहीत.

नव्वदीच्या शेवटी पुतणीचं लग्न झालं आणि तिनं अंबरनाथला घर घेतलं. तिनं हट्टानं मला बोलावलं. "काकी, रंग मी निवडलेत. कुठला कुठं ते तू सांग." जाऊबाई तिथं होत्याच. मी रिकाम्या खोल्यांतून फिरले, पोरीला खिडकीपाशी उभं केलं, तिचं तोंड बघितलं, आणि मनापासून, एकही खोट न ठेवता सांगितलं. निजायच्या खोलीत हा, बाहेर तो, छत पांढरंच. जाऊबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. मी शेड कार्ड उघडलं की त्यांची नजर माझ्या बोटांवर. मी पान उलटलं की नजर त्या पानावर. एकदा मी मुद्दाम हिरव्या रंगांच्या पानावर जरा जास्त रेंगाळले, आणि त्या चौकट सोडून दोन पावलं पुढं आल्या.

मी पान उलटलं. घाई केली नाही.